तेल लावून येऊ नका

सकाळी ८.०५

लिफ्ट साडेआठला सुरू होते. ताई त्याआधी येतात, त्यामुळे रोज तीन मजले पायी. किल्ली वॉचमनकडून घ्यायची, रजिस्टरात वेळ टाकायची, सही करायची. एका खांद्याला पर्स, दुसऱ्याला डब्याची पिशवी.

ताई ईईजी टेक्निशियन आहेत. मुंबईत परळच्या बाजूला एका संस्थेत त्यांची प्रयोगशाळा आहे. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, त्यातली आतली पूर्वी स्टोअररूम होती. वय ३४. बारावी सायन्स, मग ईईजीचा डिप्लोमा, मग सहा वर्षं एका रुग्णालयात फिटच्या पेशंटचे ईईजी. इथे त्या प्रोजेक्टवर आहेत. ११ महिन्यांचं पत्र मिळतं, मग एक दिवस खाडा, मग नवं पत्र. हातात २३,००० पडतात. राहायला बदलापूर. स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी उभ्या असतात, पण त्या चालत येतात.

आत दोरीवर कालच्या दोन टोप्या वाळत घातल्यात. ताणता येणारं कापड आणि प्रत्येकीला ३२ वायरी. एका टोपीची किंमत ताईंच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी आहे. त्या शिपायाला हात लावू देत नाहीत. प्रत्येक इलेक्ट्रोडच्या वाटीत करंगळीचं टोक घालून बघतात. ओल राहिली नाही ना? जेल वाळून बसलं नाही ना? दोन वाट्यांत बसलंय. कोमट पाणी, जुना टूथब्रश. जोर करायचा नाही. आत चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा पातळ थर असतो. तो खरवडला की इलेक्ट्रोड गेला.

८.४०

माणूस यायच्या आधी आवाज तपासायचा.

आवाज साधा आहे. टू. १००० हर्ट्झ, एक दशांश सेकंद लांब. दर अर्ध्या सेकंदाला एक. टू, टू, टू, टू. मध्येच एखादा टी येतो, ११०० हर्ट्झचा. सा ते शुद्ध रे एवढंही अंतर नाही. शंभरातले ८५ टू आणि १५ टी, तेही कधी येतील याचा नेम नाही. लागोपाठ दोन टी मात्र येऊ द्यायचे नाहीत. इथे सगळे याला ऑडबॉल म्हणतात.

आवाज सुटला की त्याच क्षणी कॉम्प्युटर ईईजीच्या यंत्राला एक खूण पाठवतो. टू ला १, टी ला २. ही खूण आणि खरा आवाज यांत किती अंतर पडतं ते ताई रोज मोजतात. इअरफोनसमोर छोटा माइक धरायचा, त्याची वायर यंत्राच्या एका रिकाम्या चॅनलला जोडायची आणि पडद्यावर दोन रेघांमधलं अंतर बघायचं. आज ११ मिलिसेकंद. काल पण ११.

"अकरा असो नाहीतर चाळीस असो," ताई म्हणतात, "रोज तेवढंच पाहिजे. एकदा अकरा, एकदा वीस झालं की सगळं मातीत."

मातीत का, ते संध्याकाळी पडद्यावर दिसणार आहे.

९.२०

पहिली मुलगी आली. वसईहून. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. कमरेपर्यंत केस, दोन वेण्या, आणि लांबूनच वास. खोबरेल.

"अगं, काल फोनवर सांगितलं होतं ना, तेल लावून येऊ नको म्हणून?"

"मी नाही लावलं ताई. आईने लावलं."

यावर बोलण्यासारखं काही नसतं. इलेक्ट्रिक किटली लावली. बेसिनपाशी खुर्ची ओढली, मुलीच्या खांद्यावर टॉवेल टाकला. दोनदा शाम्पू. दुसऱ्यांदा बोटं कातडीपर्यंत घालून चोळलं. केस धुवायला आणि ड्रायरने वाळवायला ३५ मिनिटं गेली. बाहेर पीएचडीचा विद्यार्थी घड्याळ बघतोय. प्रयोग त्याचा आहे. हात ताईंचे.

मग मापं. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप. एका कानासमोरच्या खळगीपासून दुसऱ्या खळगीपर्यंत टेप. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे भुवयांच्या पेन्सिलीने फुली. ही मापायची पद्धत १९५८ सालापासून जगभर एकच आहे, म्हणून परळमधल्या टाळूची हेलसिंकीतल्या टाळूशी तुलना करता येते. घेर ५५ सेंटीमीटर. ५४ ची टोपी की ५६ ची? ताई ५४ ची उचलतात. घट्ट बसलेली बरी.

इलेक्ट्रोड एकूण ३२. त्यातले बरेच टोपीत. एक नाकाच्या शेंड्यावर, दोन कानांमागच्या हाडांवर, एक डोळ्याखाली, एक डोळ्याच्या कडेला. नाकावर मायक्रोपोर चिकटवताना मुलगी हसते. सगळेच हसतात.

खरं काम इथून पुढे. सिरिंज, तिला बोथट सुई. प्रत्येक वाटीच्या भोकातून सुई आत घालायची, केस बाजूला सारायचे, कातडी हलकेच खरवडायची आणि जेल भरायचं. जेल कमी पडलं तर संपर्क होत नाही. जास्त झालं तर शेजारच्या वाटीत ओघळतं आणि दोन जागा एकच होऊन बसतात. पडद्यावर डोक्याचं चित्र आहे. त्यावर ३२ ठिपके. लाल म्हणजे रोध जास्त. पाच किलोओहमच्या खाली आला की ठिपका हिरवा होतो. ताई एका हाताने सुई फिरवतात आणि मान वळवून पडद्याकडे बघतात. लाल, लाल, पिवळा, हिरवा. पुढची वाटी.

मागचे दोन ठिपके हटून बसलेत. तेलच. ताई काही बोलत नाहीत. तिसऱ्यांदा सुई.

१०.५०

आतल्या खोलीच्या भिंतींना फोम आहे. खुर्ची, समोर पडदा. मुलीच्या कानात फोमचे बोळे बसवले, त्यांतून आवाज जाणार. मोबाइल बाहेर. ट्यूबलाइट बंद, कारण विजेची ५० हर्ट्झची गुणगुण नोंदीत उतरते. एसीसुद्धा बंद. तो चालू असला तर खोलीत त्याचा आवाज, बंद केला तर घाम. घामाने कातडीवरचा विजेचा दाब बदलतो आणि सगळ्या रेघा सापासारख्या वरखाली जायला लागतात. ताईंनी यावर तोडगा काढलाय. दहा मिनिटं नोंद, पाच मिनिटं एसी, परत दहा मिनिटं नोंद.

मुलीला सूचना एकच. "समोर पिक्चर चालू आहे तो बघ. कानात आवाज येतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. दात आवळू नकोस. गिळलीस तरी चालेल, पण सारखं नको."

पिक्चर मूक. समुद्रातले मासे. मी विचारलं, मूकपटच दाखवायचा तर फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' का नाही? १९१३ चा, शिवाय इथेच गिरगावात पहिल्यांदा लागलेला. विद्यार्थ्याने म्हणे तसा प्रयत्न करून पाहिला. जुन्या फिल्मचं चित्र लुकलुकतं, माणसं डोळे मिचकावतात. मिचकावलेला एक डोळा नोंदीत शंभर मायक्रोव्होल्टचा डोंगर उभा करतो. चॅप्लिनही बाद. हसलं की गालाचे स्नायू येतात. मासे बरे.

सुरू. टू टू टू टू टी टू टू.

बाहेरच्या टेबलावर ताईंसमोर ३२ रेघा उजवीकडून डावीकडे सरकतायत. टी वाजला तेव्हा मी रेघांकडे रोखून बघितलं. काही दिसलं नाही. पुढच्या टी ला पण नाही. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असं नाही दिसत."

दिसत नाही, पण आत काम झालेलं असतं. मासे बघणाऱ्या मुलीने टी कडे लक्ष दिलेलं नाही. विचारलं तर किती टी आले हे तिला सांगताही येणार नाही. तरी कानशिलांच्या आत, मेंदूच्या श्रवणाच्या भागात गेल्या काही सेकंदांचा हिशेब ठेवला जातोय. आवाज किती उंच, किती लांब, किती मोठा, कुठल्या बाजूने. हा हिशेब साधारण दहा सेकंद टिकतो. नवा आवाज त्यात बसला नाही की आवाजातला फरक कानावर पडल्यापासून १०० ते २५० मिलिसेकंदांच्या आत टाळूच्या पुढच्या भागात एक छोटी उणी लाट उठते. मिसमॅच निगेटिव्हिटी. सगळे एमएमएन म्हणतात. ती दोन-तीन मायक्रोव्होल्टची असते. पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचे दहा लाख तुकडे केले तर त्यांतले दोन. डोक्यात एरवी चाललेला विजेचा गोंधळ याच्या कितीतरी पट.

म्हणून बाराशे आवाज. त्यांतले १८० टी. दहा मिनिटं.

११.१५

दुसरी फेरी सुरू होणार तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवर ड्रिल लागलं. मागे बैठी चाळ होती, तिथे टॉवर उठतोय. फोमच्या भिंती ड्रिलपुढे काही करू शकत नाहीत. ताईंनी मुलीला पाणी दिलं, स्ट्रॉने. मान हलवायची नाही. खाली चहा सांगितला. कटिंग १२ रुपये, वर आणून देण्याचे वेगळे दोन.

चहा येईपर्यंत विद्यार्थ्याने जुनी गोष्ट सांगितली. १९७५ चा उन्हाळा. नेदरलँड्समधल्या सूस्टरबर्ग नावाच्या गावात एक संशोधनसंस्था. फिनलंडचे रिस्टो नॅतॅनेन तिथे गेले होते. माणसाच्या दोन्ही कानांत वेगवेगळे आवाज सोडायचे, एका कानाकडे लक्ष दे आणि दुसरा विसर म्हणायचं. लक्ष दिलेल्या कानातल्या वेगळ्या आवाजाला मेंदू उत्तर देतो हे अपेक्षितच होतं. पण विसरायला सांगितलेल्या कानातल्या वेगळ्या आवाजालाही लाट आली. नॅतॅनेन, अँथनी गायार आणि सिर्का मँट्युसालो या तिघांनी ते १९७८ साली छापलं. लाटेला नाव तेव्हा पडलं.

"म्हणजे त्यांना जे बघायचं होतं त्याच्या शेजारी हे निघालं," मी म्हटलं.

"हो. आता शेजारच्याचीच वस्ती झालीय," तो म्हणाला.

ड्रिल ११.४० ला थांबलं. कामगारांचा नाश्ता झाला असणार. ताईंनी कप बाजूला ठेवला आणि उठल्या. नाश्त्याची वीस मिनिटं म्हणजे दोन फेऱ्या.

११.४२

दुसऱ्या फेरीत अदलाबदल. आता टी नेहमीचा, टू क्वचित. कारण कोणीही म्हणेल की टी चा आवाजच तसा आहे, त्याला लाट येणारच. मग टी लाच रोजचा करून टाकायचा. आता लाट टू ला आली तर ती आवाजाची नाही, बदलाची.

तिसऱ्या फेरीत उंची तीच, पण मधूनच एखादा टू हळू. मला ही सगळ्यांत आवडली. मोठा आवाज झाला तर कुणीही दचकेल. इथे आवाज उलट कमी झालाय. कानाला पोचलं ते नेहमीपेक्षा थोडं, आणि तरीही मेंदू नोंद घेतो. जे यायला हवं होतं ते आलं नाही, एवढं पुरतं.

मुलगी सुटली १२.४० ला. टोपी काढल्यावर डोक्यावर ठिकठिकाणी पांढऱ्या जेलचे गोळे. परत बेसिन, परत किटली. लिफाफ्यात ३०० रुपये, व्हाउचरवर सही. "आईला काय सांगू, तेल कुठे गेलं?" ताईंनी तिला कंगवा दिला.

दुपारी १.१५

डबा. ताईंची भाकरी आणि दुधी. विद्यार्थ्याचा वडापाव, १८ रुपये. बारीक केसांचा दुसरा मुलगा एक वाजता यायचा होता, त्याचा फोन आला, परीक्षा आहे. ताईंनी वहीत त्याच्या नावावर काट मारली. त्याच्यासाठी मापून ठेवलेलं जेल परत बरणीत जात नाही. ते फेकायचं.

जेवताना दोघांचा एक जुना वाद निघतो. वाद जगातल्या संशोधकांचाही आहे. मेंदू खरंच तुलना करतो, की टू ऐकून ऐकून टू च्या पेशी थकतात आणि टी ला ताज्या पेशी मिळतात म्हणून लाट मोठी दिसते? आजच्या अदलाबदलीने हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी आणखी एक फेरी लागते. दहा वेगवेगळे स्वर, सगळे सारख्याच वेळा. तिथेही टी दुर्मिळच असतो, पण मोडायला नियमच नसतो. थॉमस याकोब्सेन आणि एरिख श्र्योगर यांनी २००१ साली ही युक्ती मांडली. तिथली लाट वजा केली तरी काही लाट उरते. ती तुलनेची.

"म्हणजे अजून दहा मिनिटं," ताई म्हणतात. "अजून एकदा एसी बंद."

रुग्णालयातली गोष्ट त्या मी विचारल्यावर सांगतात. आयसीयूत बेशुद्ध पेशंटचा ईईजी करायला जायचं, तर बायको, भाऊ, कोणीतरी कॉटच्या कडेला उभं. त्यांचा एकच प्रश्न. त्याला ऐकू येतंय का? "आम्ही सांगायचो, डॉक्टरांना विचारा. तेवढंच सांगायची परवानगी."

विद्यार्थी म्हणतो, फ्रान्समध्ये ल्यों शहरात कॅथरीन फिशर आणि सहकाऱ्यांनी कोमातल्या पेशंटवर असाच ऑडबॉल लावला होता, १९९९ सालचा पेपर आहे. ज्यांच्यात ही लाट दिसली त्यांतले बहुतेक पुढे शुद्धीवर आले. दिसली नाही म्हणजे येणार नाही, असं मात्र नाही. तसेही पुष्कळ जागे झाले.

ताई डबा पुसतात. "मग नातेवाइकांना काय सांगायचं?"

त्याच्याकडे उत्तर नाही.

२.००

टोपी धुणं. बादलीत कोमट पाणी, लहान मुलांच्या शाम्पूचे चार थेंब. मोठ्यांचा शाम्पू चालत नाही, टोपीला कडक पडतो. बाटली ९५ रुपयांची, ताईंच्याच पैशांची. टोपी बुडवायची, पण वायरींचा जोड पाण्याबाहेर धरायचा. डावा हात वर, उजव्याने ब्रश. वाटी क्रमांक एक ते शेवटपर्यंत, मग परत पहिलीपासून साध्या पाण्यात. डावा खांदा दुखतो. त्या मध्येच हात बदलतात, पण डाव्या हाताला ब्रश धरता येत नाही.

पाऊण तास.

३.००

तिसरा माणूस म्हणजे खालचाच सिक्युरिटी गार्ड. जौनपूरचा, मुंबईत अकरा वर्षं. रात्रपाळी करून सकाळी आठला सुटला, झोपला, उठून आला. ३०० रुपये म्हणजे त्याच्या निम्म्या पाळीच्या आसपास. केस बारीक कापलेले. बत्तीस ठिपके वीस मिनिटांत हिरवे. ताई खूश.

"भैया, आपके जैसे दस भेज दो."

याच्यासाठी चौथी फेरी महत्त्वाची आहे. तिच्यात टू नाही, बोललेला आवाज आहे. अला, अला, अला, आणि मधूनच अळा. मराठीत वाढलेल्या कानाला हे दोन वेगळेच. गार्ड मराठी कामापुरती बोलतो, पण बाळाला बाल म्हणतो आणि शाळेला शाला.

या फेरीमागेही नॅतॅनेनच आहेत. १९९७ साली त्यांनी फिनिश आणि इस्टोनियन लोकांना स्वर ऐकवले. एक स्वर असा, जो इस्टोनियनमध्ये आहे आणि फिनिशमध्ये नाही. इस्टोनियन मेंदूंनी त्याला मोठी लाट दिली. फिनिश मेंदूंनी लहान. पुढच्याच वर्षी मारी शॉर आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांवर पाहिलं. सहा महिन्यांच्या मुलांत आवाजात जेवढा फरक तेवढी लाट. वर्ष होता होता मात्र घरातल्या भाषेचे आवाज पुढे आलेले. एक वर्षाच्या मुलाला बोलता काय येतं? दोन-चार शब्द. कानाने तोवर घर निवडलेलं असतं.

गार्डला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायचं नसतं. तो मासे बघतोय.

३.५०

तो मासे बघत नाहीये. डोक्याच्या मागच्या भागातल्या रेघा अचानक गुळगुळीत झाल्या, सेकंदाला दहा लाटा. डोळे मिटलेत. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा ईईजी नोंदला तो १९२४ साली, आणि तेव्हापासून या लाटा जगभरच्या टेक्निशियनना एकच गोष्ट सांगत आल्यात. डोळे मिटून माणूस सैलावलाय. पुढची पायरी झोप. झोप लागली की एमएमएन मंदावते. नोंद वाया.

ताई इंटरकॉमवर, "भैया, आँखें खुली रखिए." तो दचकला. दचकण्याचा डोंगर नोंदीत. एसी लावला, चहा पाजला. विद्यार्थ्याने त्याच्याशी गावच्या आंब्यांवर पाच मिनिटं गप्पा मारल्या. परत सुरू.

शेवटची टू-टी ची फेरी चालू असताना ताई वहीत रोधाचे आकडे उतरवत होत्या. विद्यार्थी कॉम्प्युटरसमोर, त्याची नजर रेघांवर. टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून टू-टू बारीक ऐकू येत होतं. दिवसभर येतच होतं, मी केव्हाच ऐकायचं सोडलं होतं. ताईंनी मान वर न करता म्हटलं, "थांबला."

प्रोग्रॅम अडकला होता. रेघा सरकत होत्या, आवाज नव्हता. विद्यार्थ्याने बघितलं, शिवी गिळली, परत चालू केलं. शेवटचे दोनशे पुन्हा.

मी म्हटलं, हीच की एमएमएन.

"नाही," तो म्हणाला. नाराज असला तरी अचूकपणा सोडत नाही. वगळलेल्या आवाजाला लाट येते, पण आवाज खूप जवळजवळ असतील तरच. १९९७ साली जपानच्या याबे आणि सहकाऱ्यांनी ते मोजलं. दोन आवाजांमधलं अंतर साधारण दीड दशांश सेकंदाच्या आत असेल तर एक गाळला की लाट. त्याहून लांब असतील तर नाही. आपले टू अर्ध्या सेकंदाने येतात. "ताईंना कळलं ते दुसऱ्या कशाने."

"सवयीने," ताई म्हणाल्या, आणि वहीत पुन्हा सुरू केल्याची वेळ टाकली.

५.१०

गार्ड ३०० रुपये घेऊन गेला. सात वाजता परत पाळी, त्याआधी झोप नाही.

आता सकाळच्या मुलीची नोंद. यातला बराच भाग कॉम्प्युटर करतो, पण आधी ताई सगळी नोंद डोळ्यांखालून घालतात. पहिल्या फेरीचे १८० टी. डोळे मिचकावलेले, दात आवळलेले, घामाने वाहून गेलेले तुकडे बाद. उरले १५२. हे दीडशे तुकडे एकावर एक ठेवायचे, टी वाजल्याचा क्षण शून्यावर धरून, आणि सरासरी काढायची. डोक्यातला इतर गोंधळ दर वेळी वेगळा, त्यामुळे तो एकमेकांना खातो आणि साधारण बाराव्या हिश्शावर येतो. टी ने उठवलेली लाट दर वेळी त्याच जागी, म्हणून ती उरते. सकाळचे ते ११ मिलिसेकंद रोज आणि दर आवाजाला तेवढेच का हवेत, ते इथे कळतं. क्षण इकडेतिकडे झाला तर लाटही गोंधळात जमा.

टू ची सरासरी निळ्या रंगात, टी ची लाल. टी मधून टू वजा. विद्यार्थी बटण दाबतो.

एक टेकडी. १७० मिलिसेकंदांच्या सुमाराला, तीन मायक्रोव्होल्टच्या आतबाहेर. टेकडी वर गेलीय, पण अर्थ उणे. या धंद्यात उणे वर काढायची जुनी रीत आहे आणि नव्या माणसाचं डोकं पहिले काही दिवस उलटंच चालतं. कानांमागच्या दोन इलेक्ट्रोडवर तीच टेकडी खाली. नाकाला शून्य धरलं की अशी उलटते. ती उलटली म्हणजे लाट श्रवणाच्या भागातूनच येतेय, हा एक पुरावा.

मागचे दोन ठिपके, तेलाचे, आलेखात खरखरीत आलेत. ताई त्यांच्यावर पेन्सिलीने टिचकी मारतात.

"गार्डचं अला-अळा बघायचं?" मी विचारतो.

"एकट्याचं बघून काय करणार?" विद्यार्थी म्हणतो. वीस-पंचवीस माणसं झाल्याशिवाय तो ती फाइल उघडत नाही. एका डोक्यात टेकडी नसली तर ती भाषेमुळे नसेल, झोपेमुळे नसेल, टोपी सैल असल्यानेही नसेल. फाइल ड्राइव्हवर गेली. नाव नाही, नुसता नंबर.

५.५०

ताई पहिल्या मजल्यावर अकाउंट्सला. हातात आजची व्हाउचरं, आणि गेल्या महिन्याचं एक बिल परत आलेलं. शेरा लाल पेनने. वैयक्तिक वापराची वस्तू, मंजूर नाही. बेबी शाम्पू, ४ नग, ३८० रुपये.

"मॅडम, हे इक्विपमेंटमध्ये कसं टाकू?" क्लार्क विचारतो. माणूस वाईट नाही.

"इक्विपमेंट नका टाकू. क्लीनिंग मटेरियल टाका."

"क्लीनिंग मटेरियल म्हणजे फिनाइल, झाडू. त्याचा वेगळा कॉन्ट्रॅक्टर आहे."

"त्याच्याकडे बेबी शाम्पू आहे का?"

नाही. क्लार्कने खुर्ची मागे सरकवली. "मग अर्ज द्या. प्रोजेक्ट इनचार्जची सही घ्या. टोपी म्हणजे काय, ते पण लिहा. ऑडिटवाले विचारतात."

ताईंनी त्याच्याकडूनच कागद मागून घेतला आणि काउंटरवर उभ्या उभ्या लिहायला लागल्या. विषय, संदर्भ, महोदय. टोपी म्हणजे काय, ते तीन ओळींत. इनचार्ज सोमवारी आहेत.